स्प्रे लायनरवर कार्पेट: हौदा निम्म्याच्या वर झाला

पिकअपच्या मागच्या हौद्याच्या तळाचं कार्पेट बसलं, दोन्ही बाजूच्या भिंतींचंही बसलं. फाळका, म्हणजे मागचं उघडणारं दार, तेवढा राहिलाय. ज्यांच्या पिकअपला आधीच स्प्रे लायनर, म्हणजे पत्र्यावर फवारून बसवलेलं अस्तर, मारलेलं आहे आणि त्यावर कार्पेट घालायचं मनात आहे, त्यांच्यासाठी आतापर्यंतचं काम लिहून ठेवतोय. गाडी इसुझू व्ही-क्रॉस, गाव सातारा.

कार्पेट कशासाठी, तर आम्ही चाळकेवाडीच्या पठारावर आकाश बघायला जातो. दुर्बिणीचा डबा, तिची घडवंची, बॅटरी आणि पुष्कळदा झोपणारी माणसंसुद्धा हौद्यातच असतात. स्प्रे लायनर पत्र्याचं राखण उत्तम करतं. ते पत्र्याला चिकटूनच बसतं, त्यामुळे प्लास्टिकच्या सुट्या लायनरखाली जसं पाणी साचून गंज धरतो तसं इथे होत नाही. पण त्याचा पृष्ठभाग कानशीसारखा खरखरीत असतो. गुडघे टेकून आत सरकायचं म्हटलं की कातडी सोलते, आणि डब्यांचे कोपरे झिजतात ते वेगळंच.

माझी अट एकच होती. कार्पेट पावसाळ्यात ओढून बाहेर काढता आलं पाहिजे आणि झटकून परत जागेवर बसलं पाहिजे. साताऱ्याचा पाऊस आणि कास-ठोसेघरकडची जांभ्याची तांबडी माती बघता, कायमचं डकवलेलं कार्पेट मला नकोच होतं. खाली माती अडकली की ती दरेक हादऱ्याला घासत राहते. म्हणजे पकड वेल्क्रोचीच हवी, आणि सगळं कोडं वेल्क्रोची पट्टी लायनरला कशी धरवायची इथे येऊन थांबतं.

साध्या रंगवलेल्या पत्र्यावर चिकटपट्टीचं वेल्क्रो छान बसतं. स्प्रे लायनरवर का बसत नाही, ते नखाने चाचपून बघितलं तरी कळतं. लायनरला दाणे असतात, आणि पट्टीचा गोंद फक्त दाण्यांच्या टोकांना टेकतो. मधल्या खळग्यांत हवाच राहते. पट्टी पूर्ण रुंदीची दिसली तरी धरलेली जागा त्याच्या अंशभरच असते. त्यात पॉलियुरेथेन लायनर ॲरोमॅटिक जातीचं असेल तर उन्हाने त्याचा वरचा थर उतरतो आणि बारीक भुकटी सुटते. ओलं पांढरं फडकं फिरवा, काळपट-राखाडी डाग आला तर समजा ती भुकटी आहे. गोंद मग लायनरला न धरता भुकटीला धरतो आणि तिच्यासकट निघून येतो. तिसरा शत्रू म्हणजे चमक आणणारं पॉलिश. टायरला लावतात तेच लायनरलाही लावायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि त्यात बहुधा सिलिकॉन असतं. सिलिकॉनवर काहीही चिकटत नाही. कार्पेट घालायचं ठरलं असेल तर ते पॉलिश आजपासून बंद करा.

म्हणून मी आधी केबिनमागच्या कोपऱ्यात, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, तुकडे लावून बघितले. नुसतं पुसून लावलेली पट्टी हाताच्या ओढीने सुटली. प्रायमर, म्हणजे चिकटण्याआधी लावायचं ते द्रावण, त्याने चांगला फरक पडला. पण दाण्यांचे खळगे प्रायमर भरत नाही, आणि उन्हात तापलेल्या हौद्यात ती पट्टीही हळूहळू कडेने उचलली. टिकली ती तिसरी रीत, आणि पुढचं सगळं काम मी तिनेच केलं.

ती अशी. चिकटपट्टीचं वेल्क्रो घ्यायचंच नाही. शिवायचं साधं वेल्क्रो मिळतं, गोंदाशिवायचं, त्यातली हुकांची बाजू घ्यायची. पट्टी बसणार तेवढ्या जागेचे दाणे ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने मोडायचे. पार गुळगुळीत करायची गरज नाही, टोकं गेली आणि ताजा थर दिसला की पुरे. साबणाच्या पाण्याने ब्रश मारून धुवायचं, खडखडीत वाळू द्यायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसायचं. थिनर किंवा ॲसिटोन वापरू नका, लायनर मऊ पडू शकतं. त्यावर मोटारीची काच बसवणारे वापरतात तो काळा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट पत्र्याच्या तुकड्याने पातळ ओढायचा, खळगे भरेपर्यंत. वेल्क्रोची पट्टी त्या ओल्या सीलंटमध्ये दाबायची. पट्टीची पाठ विणलेली असते. सीलंट तिच्या विणीत शिरतो आणि वाळल्यावर तिला पकडून बसतो. हुकांच्या तोंडावर आधी मास्किंग टेप लावून ठेवा, नाहीतर सीलंट वर चढून हुक बुजतील. वरून सपाट फळी आणि तिच्यावर वजन.

हा सीलंट हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो. त्यामुळे जूनच्या दमट हवेत काम केलं तर ते मार्चपेक्षा लवकर आवळतं, फक्त हौद्यावर ताडपत्री हवी, कारण ओल्या पृष्ठभागावर तो धरत नाही. ज्यांना चिकटपट्टीच वापरायची आहे त्यांनी हवामान उलट बाजूने बघावं. ॲक्रिलिक गोंदाच्या पट्ट्या लावायला साधारण २१ ते ३८ अंश सेल्सिअस तापमान चांगलं, आणि पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. डिसेंबरातल्या सकाळी हे काम काढू नये.

कार्पेट मी नीडल-पंच, म्हणजे सुयांनी धागे गुंतवून केलेलं, पॉलिप्रॉपिलिनचं घेतलं. प्रदर्शनाच्या मांडवात अंथरतात त्याच जातीचं, पण जाड. पॉलिप्रॉपिलिन पाणी पीत नाही, ओलं झालं तरी पाणी धाग्यांच्या मधे असतं आणि उभं करून ठेवलं की निथळतं. त्याच्या पाठीचे सुटे धागे हुकांना थेट अडकतात, आघाड्याची बोंडं धोतराला धरतात तसे, म्हणून वेल्क्रोची मऊ बाजू लागतच नाही. तळाच्या कार्पेटखाली बंद छिद्रांचा फोम टाकलाय. तोही पाणी शोषत नाही, आणि गुडघ्यांना खरा आराम त्याचाच.

मापं जुन्या वर्तमानपत्रांचे कागद जोडून घेतली. चाकांच्या कमानींभोवती घाई करू नका, तिथला कागद पुनःपुन्हा कापून बसवा. हौद्याच्या कोपऱ्यांतली पाणी जायची भोकं आणि सामान बांधायच्या कड्या मोकळ्या राहिल्याच पाहिजेत. कापून झाल्यावर गोडोलीतल्या सीटकामवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी कड बोटांत चोळून बघितली आणि म्हणाले, "आसंच टाकू नगंस. कडंनं फुलतंय ह्ये. पायपिंग मारून न्ये." पायपिंग, म्हणजे कडेभोवती शिवायची पट्टी, मारून घेतलं, आणि कार्पेटला अंग आलं.

पट्ट्या कुठे लावायच्या याचा विचार वाऱ्यावरून करा. चालत्या पिकअपमध्ये केबिनवरून आलेला वारा बंद फाळक्याशी खाली उतरतो आणि हौद्याच्या तळावरून उलटा केबिनकडे वळतो. हौद्यातला पालापाचोळा केबिनच्या भिंतीशी गोळा होतो, तो यामुळेच. म्हणजे कार्पेट उचलण्याची भीती फाळक्याकडच्या कडेला जास्त. तिथे मी पूर्ण रुंदीभर सलग पट्टी दिली आहे, अगदी कडेपर्यंत, वाऱ्याला शिरायला ओठ राहू नये म्हणून. मधे एकही पट्टी नाही, तिथे सामानाचं वजन पुरतं. भिंतींना मात्र वरच्या बाजूने सलग आणि खाली तुटक. वेल्क्रो सरळ ओढीला दाद देत नाही पण कोपऱ्यातून सोलत गेलं की सहज सुटतं, त्यामुळे काढायचं काम एकटा माणूस करतो.

एक गोष्ट शेतीवाल्या मित्रांना कळकळीने सांगायची आहे. फवारणी पंपासाठी पेट्रोलचा कॅन भरायचा असेल तर तो कार्पेटवर ठेवून कधीही भरू नका. प्लास्टिक लायनर आणि कार्पेट कॅनला जमिनीपासून तोडतात, इंधन पडताना तयार होणारा स्थिर विद्युतभार निघून जात नाही, आणि ठिणगी पडून वाफ पेटू शकते. कॅन खाली उतरवून जमिनीवर ठेवूनच भरायचा, मग कितीही घाई असो.

फाळक्यासाठी कार्पेट कापून तयार आहे. अडचण बिजागरीच्या फटीची. फाळका उघडला की तळ आणि फाळका यांच्यात फट पडते, झोपताना पाठीला टोचते आणि दुर्बिणीचे स्क्रू तिच्यात जातात. तळाच्या कार्पेटला तिथे ताडपत्रीच्या कापडाची पट्टी शिवून ती फाळक्यावर मोकळी टाकायची असा बेत आहे. फाळका बंद करताना ती आत दुमडली पाहिजे आणि कुलपात अडकता कामा नये, एवढं काकांशी बोलून ठरवायचंय. कुणी अशी पट्टी केली असेल तर किती रुंद ठेवली ते सांगा, शिवायच्या आधी कळलं तर बरं.