दोन वावरं, एक बांध

आमची कोरडवाहू गव्हाची दोन वावरं, मध्ये फक्त एक बांध. बियाणं एकच, नेत्रावती. पेरणीही एकाच दिवशी, ऑक्टोबरअखेरीस. तरी ओढ्याकडच्या वावरात एकरी चार क्विंटल आणि माळाकडच्यात जेमतेम दीड, तेही चिमलेले दाणे. तीन वर्षं हेच. शेवटी माती तपासायची ठरवली.

पहिला नमुना मीच वाया घालवला. कडुनिंबाखाली बसल्या बसल्या दोन खोरी माती पिशवीत भरली. प्रयोगशाळेतल्या बाईंनी पिशवीतली काडी-पानं बघूनच विचारलं, "दादा, झाडाखालची उचललीत का?" परत आलो. मग प्रत्येक वावरात नागमोडी चालत दहा ठिकाणी 20 सेंटिमीटर खोल खड्डे घेतले, कडेची माती खरवडून गोणपाटावर ढीग केला, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून दिले, पुन्हा चार भाग, असं करत अर्धा किलो उरवली. सावलीत वाळवली. (खताची रिकामी गोणी यासाठी घेऊ नका, नाहीतर तपासणी खताचीच होते.)

माती तपासणीची पत्रिका आली. बारा निकष, आणि दोन्ही वावरांचे आकडे जवळजवळ तेच: सामू (pH) 8.2 नि 8.3, सेंद्रिय कर्ब 0.4 टक्क्याच्या आसपास, पालाश (पोटॅश) भरपूर. आप्पा म्हणाले, "कागदावर सख्खी भावंडं आहेत की!"

गहू निघाल्यावर पहार घेऊन दोन्हीकडे खोल खड्डे काढले. ओढ्याकडे साडेतीन फुटांपर्यंत काळी चिकणमाती, तळाशी हाताला गारवा. माळाकडे सव्वा फुटावरच पहार खण्णकन वाजली. मुरूम. त्याच्या वर पांढऱ्या गाठी. लिंबू पिळलं तर बारीक फसफसल्या. चुनखडी.

कोरडवाहू गहू पावसाळ्यात साठलेल्या ओलीवर जगतो. काळ्या जमिनीत फूटभर खोलीत पिकाला घेता येईल असं पाणी साधारण 50 मिलिमीटर मावतं. म्हणजे माळाकडची शिल्लक पोटरीतच, ओंबी बाहेर पडायच्या आधीच, संपायची. दाणा भरायच्या वेळी मुळांना खाली जायला जागाच नव्हती. पत्रिकेत खोलीचा रकाना नाही, आणि नमुना तर वरच्या वीतभर मातीचा.

माळाकडे आता खरिपात मटकी घेतो. आप्पांना मात्र अजून वाटतं, दोन गाड्या शेणखत जास्त पडलं असतं तर गहू आला असता.