लग्नपत्रिका कागदाची की मोबाइलवरची? मला खरा ताप झाला तो प्रूफचा

कागदी की ऑनलाइन, या वादात फार वेळ घालवू नका. दोन्ही करा, कागदी मोजक्या. देवापुढे ठेवायला, आजोळी, मामा-आत्यांकडे आणि थोरामोठ्यांना अक्षत द्यायला जाताना हळदकुंकू लावलेली पत्रिका हातात हवीच. बाकीच्यांना पीडीएफ. यादी माणसांची नव्हे, घरांची करा आणि वर दहा टक्के धरा. मागाहून वीस पत्रिका वाढवायच्या म्हटलं तरी मशीन लावण्याचा खर्च पुन्हा तोच पडतो. कार्ड निवडणं, कागदाची जाडी, रंग हे एका बैठकीत उरकतं.

घोडं अडतं ते छापखान्यातल्या प्रूफवर, म्हणजे छपाईआधी तपासायला देतात त्या नमुन्यावर. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मोबाइलवर नीट टाइप केलेला मजकूर पाठवला की तसाच छापून येईल असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. बरेच डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवणारे, अजून श्रीलिपीसारखे जुन्या पद्धतीचे फॉन्ट आणि कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती वापरतात. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. आपला मोबाइलवरचा मजकूर युनिकोड या नव्या पद्धतीचा असतो, तो तिथे चिकटवला की चौकोन किंवा अगम्य चिन्हं उमटतात. मग ऑपरेटर तो कन्व्हर्टरमधून काढतो, नाहीतर फोनकडे बघत सगळं पुन्हा टाइप करतो, आणि चुका तिथेच शिरतात. 'गोऱ्हे', 'कुऱ्हाडे' यांतला र रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. 'त्र्यंबक'चा 'त्रंबक' होतो. 'चि. सौ. कां.'मधलं एखादं टिंब गळतं. या फॉन्टमध्ये रफार, वेलांट्या हे सुटे तुकडे असतात. एक तुकडा सरकला की शेजारचं अक्षर बिघडतं, आणि चूक लाल रेघेने दाखवणारं तिथे काही नसतं.

त्याहून चीड येते ती दुसऱ्या प्रूफला. आपण सांगितलेली चूक दुरुस्त झालेली असते आणि आधी बरोबर असलेली ओळ बिघडलेली असते. कारण साधं आहे. फॉन्ट हलू नये म्हणून मजकुराचे कर्व्ह करून ठेवतात, म्हणजे अक्षरांची चित्रं होतात. मग एक अक्षर बदलायचं तरी ती ओळ नव्याने टाइप होते, किंवा कर्व्ह करण्याआधीची जुनी फाइल उघडली जाते आणि तिच्यात मधल्या दुरुस्त्या नसतात. म्हणून मी आग्रहाने सांगेन: प्रत्येक प्रूफ पहिल्या ओळीपासून वाचा. नुसती दुरुस्तीची जागा बघून 'ओके' लिहू नका. ते 'ओके' गेलं की छपाईची प्लेट किंवा स्क्रीन तयार होते आणि नंतरच्या चुकीचे पैसे आपल्या माथी येतात.

वाचायची पद्धत अशी. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवून बघायचं. नावं वेगळी, आकडे वेगळे. वार आणि तारीख कॅलेंडरवर ताडून घ्या, मुहूर्ताचे 'वा.' आणि 'मि.' गुरुजींनी लिहून दिलेल्या चिठ्ठीशी जुळवा. प्रूफ व्हॉट्सॲपवरच्या फोटोत मागू नका, प्रत्यक्ष आकारात कागदावर मागा, कारण पुसट अनुस्वार फोनवर दिसत नाही. दुरुस्त्या एकदम, क्रमांक घालून द्या. फोनवर सांगितलेली दुरुस्ती हमखास हरवते. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे ऑपरेटरशेजारी बसून दुरुस्त्या करून घेणं. तुळशीचं लग्न झालं की छापखान्यात गर्दी उसळते आणि असं बसू देत नाहीत, तेव्हा मजकूर त्याआधीच पक्का करा.

कार्डावर क्यूआर कोड टाकणार असाल तर निदान दोन सेंटिमीटरचा, फिक्या जागेवर गडद रंगात घ्या. सोनेरी फॉइलवर तो वाचला जात नाही. फुकटच्या चाचणी मुदतीत बनवलेला डायनॅमिक कोड (जो कोड बनवणाऱ्या कंपनीमार्फत लिंक उघडतो) मुदत संपली की बंद पडतो. थेट लिंकचा साधा कोड बनवा.

ऑनलाइन पत्रिकेत टाइपिंग आपल्याच हातात राहतं, हे मोठं सुख. मात्र अ‍ॅपमधले बरेच नक्षीदार फॉन्ट हिंदीसाठी घडवलेले असतात. त्यांत ल आणि श मराठी वळणाचे नसतात, ते मला पत्रिकेत खटकतात. 'टिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट मोफत मिळतो आणि त्यात वळण आपलं आहे. पत्रिका पीडीएफ करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली तर व्हॉट्सॲप ती दाबून लहान करतं. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना निरोप पोचतच नाही. सासरच्या लांबच्या नात्यांत हे हमखास घडतं. लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल (अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी) पाठवून फोन ताब्यात घेण्याचे प्रकार घडले आहेत. हिमाचल प्रदेश पोलिसांनी २०२४ मध्ये तसा इशारा दिला होता. त्यामुळे नुसती फाइल टाकू नका. वर दोन ओळी लिहा, कोणाचं लग्न, कोण बोलावतंय. ज्येष्ठांना आधी फोन करा.

कागदी पत्रिकांतल्या चार-पाच कपाटात वेगळ्या ठेवा. विवाह नोंदणीच्या वेळी अर्जासोबत लग्नपत्रिका मागतात. ती नसली तर प्रतिज्ञापत्राची भर पडते. आणि हो, हे प्रूफच्या वेळीच बघायचं: वधूवरांची नावं पत्रिकेवर आधार कार्डाप्रमाणे हवीत. लाडकं नाव घालायचंच असेल तर कंसात घाला.