सनावळी राहू दे, पाणी दाखव

उत्तर वेल्समधला कॉनवीचा किल्ला म्हणजे आमच्या सहलींमध्ये तासाभराचा थांबा. बुरूज, फोटो, चहा, की बसमध्ये. त्या दिवशी गटात बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक काका होते, सह्याद्रीतले गड पालथे घातलेले. मी "इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड, 1283" असं सुरू केलं तर म्हणाले, "अगं, सनावळी राहू दे. पाणी कुठाय ते आधी दाखव."

दाखवलं. खडकात खोदलेली सुमारे 28 मीटर खोल विहीर. काका तिच्यात डोकावले आणि लगेच शेजारच्या आडव्या भिंतीकडे वळले. "किल्ल्याच्या आत परत तट कशाला?"

हा प्रश्न मला कुणी विचारत नाही, आणि खरा किल्ला तिथेच आहे. भिंतीच्या पश्चिमेला शिबंदी, मोठं दालन, स्वयंपाकघर. पूर्वेला राजाराणीचे महाल. बाहेरचा भाग पडला तरी आतला स्वतंत्र लढवता यावा, आणि नदीच्या धक्क्याकडे उतरायला त्याचा वेगळा दरवाजा. "म्हणजे बालेकिल्लाच की!" काका खूश. 1294-95 च्या हिवाळ्यात वेल्श बंडखोरांमुळे खुद्द एडवर्ड इथे अडकून पडला होता.

तेवढ्यात एका मावशींनी भिंतीत उंचावर अधांतरी असलेल्या शेकोट्या पाहिल्या. "इतक्या वर कोण शेकत बसायचं?" लाकडी मजले केव्हाच गेलेत, तुळयांची भोकं तेवढी उरलीत. संडासाचं विचारल्यावर मी त्यांना गावाच्या तटाकडे नेलं. राजाच्या कारकुनांसाठी बांधलेले 12 शौचकूप तिथे ओळीने तटाबाहेर डोकावतात. सगळ्यात जास्त फोटो त्यांचेच निघाले.

काकांचं लक्ष मात्र माणसांवर. 1284 मध्ये इथे 30 जणांची शिबंदी ठरली, त्यात 15 जण क्रॉसबो, म्हणजे आडवं धनुष्य, चालवणारे. सुतार, लोहार, गवंडी, पाद्री त्यातच. एवढ्यांत किल्ला राखता येतो, कारण आठही गोल बुरूज तटाबाहेर आलेले आहेत. शेजारच्या तटाचा पायथा बुरुजावरून दिसतो, माऱ्यातून कोपरा सुटत नाही.

"मग घेतला कसा कुणी?"

1401, गुड फ्रायडे. शिबंदी गावातल्या चर्चमध्ये प्रार्थनेला. वेल्श बंडखोर ट्यूडर भावांची माणसं सुतारकामाच्या बहाण्याने आत शिरली आणि किल्ला गेला.

काका हसलेच नाहीत. "देवडीवर किती होते?" दोन पहारेकरी होते, दोघेही मारले गेले. काका पावसात पुन्हा दरवाजाकडे निघाले, निम्मा गट त्यांच्यामागे. ड्रायव्हरच्या तासांचं गणित कोलमडलं आणि पुढचा धबधबा रद्द करावा लागला. मावशी अजून त्यावरून ऐकवतात.