पावाचे यीस्ट आणि हिवतापाचे औषध

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो: "सूक्ष्मजीवात जनुक टाकले की औषध मिळते ना?" त्याचे उत्तर म्हणून मी आर्टेमिसिनिनची गोष्ट सांगतो.

आर्टेमिसिनिन हे हिवतापावरचे औषध आर्टेमिसिया ॲनुआ या वनस्पतीपासून मिळते. (जोतिबाला चैत्रात वाहिला जाणारा आपला दवणा याच आर्टेमिसिया वंशातला, पण वेगळ्या जातीचा.) 2001 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त उपचारांची शिफारस केली आणि मागणी वाढली, पण शेतातले पीक हाती यायला महिने लागतात, त्यामुळे भाव कधी गगनाला भिडत, तर कधी कोसळत.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील जे कीसलिंग यांच्या प्रयोगशाळेने 2003 मध्ये यीस्टमधील मेव्हॅलोनेट मार्गाची (पेशीतील रासायनिक क्रियांच्या एका साखळीची) जनुके ई. कोलाय जिवाणूत बसवून औषधाचे पूर्वद्रव्य, अमॉर्फाडाईन, तयार केले. पुढच्या वर्षी गेट्स फाउंडेशनने या प्रकल्पासाठी 4 कोटी 26 लाख डॉलर दिले, आणि 2006 मध्ये पाव फुगवणाऱ्या यीस्टकडूनच लिटरमागे 100 मिलिग्रॅमपर्यंत आर्टेमिसिनिक आम्ल, म्हणजे औषधाच्या आणखी जवळचे पूर्वद्रव्य, मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. खरी मेहनत मात्र त्यानंतरची आहे, आणि विद्यार्थ्यांना सांगण्यासारखेही तेच आहे.

पेशीला आपल्या औषधाशी काही देणेघेणे नसते. तिला वाढायचे असते. यीस्ट फार्नेसिल पायरोफॉस्फेट या रेणूपासून आपल्या पेशीपटलासाठी अर्गोस्टेरॉल हे मेदद्रव्य बनवते, आणि औषधाचा रस्ताही त्याच रेणूपासून फुटतो. म्हणून अर्गोस्टेरॉलकडे नेणारे जनुक मंद करावे लागते, पण पूर्ण बंद केले तर पेशीच जगत नाही. दुसरी अडचण वनस्पतीतून आणलेल्या सायटोक्रोम पी-450 या विकराची (रेणूला ऑक्सिजन जोडणाऱ्या एन्झाइमची) होती. त्याला इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या सहकारी प्रथिनाशी त्याचे प्रमाण जुळले नाही, की पेशीत ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात. कीसलिंग यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या अमायरिस कंपनीतील संशोधकांनी ते सहकारी प्रथिन कमी केले, सायटोक्रोम बी-5 हे आणखी एक इलेक्ट्रॉन पुरवणारे प्रथिन जोडले, वनस्पतीतील आणखी दोन विकरे आणली, आणि 2013 मध्ये उत्पादन लिटरमागे 25 ग्रॅमवर नेले. सात वर्षांत अडीचशे पट वाढ झाली, आणि तिचे श्रेय जनुक घालण्यापेक्षा असा तोल साधण्याला अधिक जाते, असे माझे मत आहे. आर्टेमिसिनिक आम्लाचे आर्टेमिसिनिन करण्याचे शेवटचे काम यीस्टला जमले नाही, तेथे प्रकाशरसायन, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने होणारी रासायनिक क्रिया, वापरावे लागले.

सनोफी या औषध कंपनीने इटलीतील गारेसियो येथे या पद्धतीने उत्पादन सुरू केले, पण बाजाराने साथ दिली नाही. शेतकऱ्यांनी लागवड वाढवल्याने वनस्पतीजन्य मालाचा भाव किलोमागे 250 डॉलरच्या खाली गेला, तर कंपनीला ना नफा ना तोटा तत्त्वावरही 350 ते 400 डॉलर हवे होते. 2015 मध्ये या कारखान्यात या पद्धतीने काहीच तयार झाले नाही.

अमायरिसने त्याच मेव्हॅलोनेट मार्गाच्या अनुभवावर यीस्टकडून फार्नेसीन बनवून घेतले. त्यापासून मिळणारे स्क्वालेन चेहऱ्याच्या क्रीममध्ये वापरतात. पूर्वी ते मुख्यतः शार्क माशाच्या यकृताच्या तेलापासून मिळवत असत.