बुडापेस्ट : निवांत, हलाल, पण खोली पुलाजवळच घ्या

बुडापेस्टला घरच्यांना घेऊन जाणार असाल तर विमानाच्या तिकिटाआधी शहराचा नकाशा उघडा. हलाल खाणं, नमाज, म्हाताऱ्या माणसाचे गुडघे या सगळ्याचं काय होणार ते खोली कुठे घेतली यावर ठरतं. बहुतेक जण मध्यवर्ती म्हणून सातव्या विभागात, किराय रस्त्याच्या आसपास उतरतात. जुन्या पडक्या वाड्यांत थाटलेले बार तिथेच आहेत आणि त्यांचा गोंगाट पहाटेपर्यंत चालतो. विशी-पंचविशीतल्या मित्रांसाठी ठीक. आमच्याबरोबर अम्मी होती.

डॅन्यूब नदीच्या पूर्वेला पेस्ट, पश्चिमेला बुडा. आम्ही खोली घेतली मार्गित पुलाच्या पेस्टकडच्या टोकाला, यासई मारी चौकाजवळ. हा तेराव्या विभागाचा कोपरा आहे. झाडं, नदीकाठची बाग, संध्याकाळी कुत्री फिरवणारे आजी-आजोबा. 2 नंबरची ट्राम इथूनच सुटते. 4 आणि 6 दारावरून जातात आणि 6 नंबर तर रात्रभर धावते. पूल चालत ओलांडला की बुडा, पुलाच्या मध्यावर उतरलं की मार्गित बेट. सेंट इश्तवान हमरस्त्यावर आणि पुढे ट्रामच्या वाटेवर तुर्की-अरबी खानावळी सापडत राहतात. काचेमागची भांडी बघून बोटानं दाखवायचं, ताट भरून घ्यायचं. मात्र तुर्की पाटी म्हणजे हलालची हमी नव्हे. विचारा. काही जण प्रमाणपत्र भिंतीवरच लावतात, काही ठिकाणी शेजारच्या फ्रिजमध्ये बिअरही असते. आपलं आपण ठरवायचं.

डुकराचं मांस ओळखून टाळता येतं. हंगेरीत खरी अडचण त्याच्या चरबीची आहे. तिला 'झीर' म्हणतात आणि जुन्या पद्धतीच्या स्वयंपाकात कांदा तिच्यातच परततात. म्हणजे गुलाश बीफचं असलं तरी प्रश्न मिटत नाही, आणि ते बीफ हलाल असण्याची शक्यता तशीही कमीच. भाजीच्या दाट रश्शालाही हाच प्रश्न विचारावा लागतो. बेकरीत पोगाचा नावाचे खारे गोल पाव मिळतात, दिसायला अगदी निष्पाप. त्यातल्या 'तेपेर्त्यो'वाल्यात चरबीचे कुरकुरीत तुकडे मळलेले असतात. शेरतेश म्हणजे डुक्कर, शोंका हॅम, सॉलोन्ना बेकन, कोलबास सॉसेज. हे शब्द हंगेरियन स्पेलिंगसह फोनमध्ये साठवून ठेवा, कारण मेनूवर ते दिसतील आणि ओळखता येणार नाहीत. तळलेलं चीज शाकाहारी खरं, पण बहुधा श्नित्सेलच्याच, म्हणजे मांसाच्या कापांच्याच तेलात तळलेलं. लांगोश, म्हणजे वरून लसूण, साय आणि चीज घातलेली मोठी पुरी, चांगलं लागतं. आधी 'ओलाय?' विचारायचं, म्हणजे तेल का? हो म्हणाले तर घ्यायचं.

गोडात दारू लपलेली असते. शोमलोई गालुश्कात रम असते, गुंडेल पद्धतीच्या पॅनकेकमध्येही. आंबट चेरीच्या थंड सूपमध्ये कधी वाइन घालतात. रस्त्यावर निखाऱ्यावर फिरवून भाजलेला, साखर-अक्रोड लावलेला क्युर्त्योशकालाच, म्हणजे नळीसारखा गोड पाव, मात्र बायकोनं रोज खाल्ला. पिठात दूध, अंडी, लोणी आणि यीस्ट असतं. तरी लोणीच ना, एवढं विचारून घ्या.

स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. सकाळी अंडी-पाव घरी, दुपारी बाहेर पोटभर, रात्री खिचडी. दिवसातून एकदाच हलाल जेवण शोधायचं, हाच आमचा नियम होता. तिन्ही वेळा शोधत बसलं तर सहल खानावळींच्या रांगेत संपते. डाळ-तांदूळ, मसाला बॅगेत चालतो. तूप, पेढे, मांसाचं काहीही नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. अम्मीचा तुपाचा डबा मुंबईलाच राहिला आणि त्यावर तिचं मत विमानभर ऐकलं.

नमाजेचं गणित ऋतूवर आहे. जूनमध्ये सूर्य पावणेनऊला मावळतो, इशाला, म्हणजे रात्रीच्या नमाजेला, अकरा वाजून जातात. डिसेंबरात चारच्या आधीच मगरिब, म्हणजे सूर्यास्ताची नमाज. आम्ही ऑक्टोबरात गेलो, सहाच्या सुमाराला मगरिब, दिवस बेताचा, हवेत हलका गारवा. जायचंच तर याच दिवसांत जावं. आम्ही कोकणी, शाफई पंथाचे. मुक्काम चार दिवसांच्या आतला असेल, येण्या-जाण्याचे दिवस सोडून, तर कसर करता येते, म्हणजे प्रवासात नमाज आखूड पढता येते, आणि जोहर-असर (दुपारच्या दोन), मगरिब-इशा एकत्र पढता येतात. आपल्या इमामांना विचारून जा. छोट्या सहलीत या सवलतीनं फार निवांतपणा येतो. किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, आग्नेयेला. घरच्या सवयीनं पश्चिमेला तोंड करून उभे राहाल, सांभाळा.

मशिदी दक्षिण बुडात, अकराव्या विभागात आहेत. एक फेहेरवारी रस्त्यावर, दुसरी बार्तोक बेला रस्त्यावर. शहराच्या मध्यावरच्या देआक चौकातून पहिलीसाठी 47 नंबरची ट्राम, दुसरीसाठी 49. मिनार शोधत बसू नका, साध्या इमारती आहेत. हंगेरीनं इस्लामला कायद्यानं मान्यता दिली ती 1916 मध्ये, पण मुसलमानांचा इथला इतिहास त्याहून कितीतरी जुना. 1541 ते 1686 बुडा उस्मानी, म्हणजे तुर्की राज्यात होतं. हे डोक्यात ठेवून फिरलं की शहर वेगळं दिसतं. टेकडीवरचं मात्याश चर्च त्या काळात मशीद होतं. किल्ल्याच्या तटावर शेवटचा पाशा (तुर्की सुभेदार) अब्दुर्रहमान याच्या नावाचा दगड आहे. तो 1686 च्या लढाईत तिथे पडला. 1932 मध्ये हा दगड बसवला तो विरुद्ध बाजूनं लढलेल्या एका सैनिकाच्या वंशजांनी. शत्रू शूर होता, त्याला शांती लाभो, असं त्यावर कोरलंय. बसगाड्या भरभरून लोक मच्छीमार बुरुजावर फोटो काढत असतात, इथे मात्र आम्ही गेलो तेव्हा कुणी नव्हतं.

गुल बाबांचा दर्गा आमच्या खोलीपासून पूल ओलांडून चालत जाण्याएवढा. बेक्ताशी सूफी पंथाचे दरवेश, 1541 मध्ये बुडातच वारले. जनाज्याला खुद्द सुलतान सुलेमान होते अशी परंपरा आहे. आठ बाजूंची छोटी कबर-इमारत, भोवती गुलाब, खाली नदी. दुरुस्ती होऊन 2018 मध्ये परत उघडली. गुल बाबा रस्त्याचा चढ दगडी आणि उभा आहे. गुडघेदुखी असेल तर टॅक्सीनं वर जा आणि उतरताना चाला.

आता गुडघ्यांवरचं औषध. रुदाश हमाम सोळाव्या शतकात सोकोल्लू मुस्तफा पाशानं बांधला. घुमटाखाली अष्टकोनी कुंड, पाणी 36 अंशांचं, कोपऱ्यातलं सर्वांत गरम 42 चं. गंधकाचा वास थेट आमच्या दापोलीकडच्या उन्हवऱ्याचा. तुर्की विभागात मंगळवार बायकांचा असतो. पुरुषांचे दिवस वेगळे, शनिवार-रविवार सगळे एकत्र. वेळा बदलतात, जायच्या आदल्या दिवशी बघा. अम्मी आणि बायको मंगळवारी गेल्या. त्यांची सूचना : एकट्या बायकांच्या दिवशी काही जणी कपड्यांशिवाय असतात, आपला पोहण्याचा पोशाख न्या आणि नजर सांभाळा. पूर्ण अंगभर पोशाख चालेल का, हे तिकीटखिडकीवर आधीच विचारून घ्या. गच्चीवरचं कुंड मिश्र आहे. तिथे जायला अम्मी तयार नव्हतीच.

नदी बघायला जेवणाच्या बोटी लागत नाहीत. त्यांवर वाइन आणि वाद्यवृंदच जास्त. यासई मारी चौकातून 2 नंबरच्या ट्रामला उजव्या खिडकीत बसा, संसद, साखळी पूल, समोर किल्ला, सगळं पुढ्यातून जातं. संसदेच्या थोडं खाली काठावर लोखंडी बुटांचे साठ जोड आहेत. 1944-45 च्या हिवाळ्यात ज्यूंना इथे उभं करून गोळ्या घातल्या, त्यांची ही आठवण 2005 मध्ये उभारली. तिथे ट्राममधून बघून पुढे जाऊ नका, उतरा. उजळलेली संसद बघायची असेल तर पलीकडे बाट्यानी चौकात जा, तिथून समोरच दिसते.

किरकोळ पण कामाचं : विमानतळावरून 100ई बस थेट देआक चौकात आणते, तिला वेगळं तिकीट लागतं. कागदी तिकीट यंत्रात छापून घ्या, मेट्रोच्या तोंडाशीच तपासनीस उभे असतात. व्यवहार फोरिंटमध्ये, आणि चौकाचौकातल्या एटीएमनं रुपयात किंवा युरोत हिशेब करू का विचारलं तर नाही म्हणा. नळाचं पाणी पिण्याजोगं. संडासात पाण्याची सोय नसते, रिकामी बाटली पिशवीत हवीच. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा प्रवास विमा लागतो. मुंबईहून दोहा किंवा दुबईमार्गे गेलात तर जाता-येता विमानातल्या जेवणाचाही प्रश्न उरत नाही.

एक दिवस हाताशी असेल तर सेंटेंद्रे की एगेर? एगेरला उस्मानी मिनार उभा आहे, 40 मीटर उंच, 97 अरुंद पायऱ्या. तरुण असाल तर जरूर जा. आम्ही बाट्यानी चौकातून लोकल रेल्वेनं चाळीसेक मिनिटांवरच्या सेंटेंद्रेला गेलो. शहराचा पास हद्दीपर्यंतच चालतो, पुढचं वाढीव तिकीट काढा. तिथे लाल मिरचीची भुकटी बुडापेस्टच्या मोठ्या बाजारापेक्षा महाग वाटली, म्हणून खरेदी परत येऊन केली. 'एदेश' गोड, 'चीप्योश' तिखट. अम्मीनं तिखटातली चाखली आणि म्हणाली, रंगाला चांगली आहे.