वृद्धाश्रमाची चौकशी: मस्टर, गोळ्या आणि जिन्याची किल्ली

सोलापुरातल्या एका खासगी वृद्धाश्रमाबद्दल तक्रार आली होती. रात्री मजल्यावर कोणी नसते, आणि न्हाणीत पडलेली एक आजी सकाळपर्यंत तशीच पडून राहिली. चौकशी पथकात परिचर्येची बाजू माझ्याकडे होती.

सगळ्यात आधी सीसीटीव्ही. डीव्हीआरची, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राची, डिस्क भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते. कुठे पंधरवड्यात, कुठे महिन्यात. कागद नंतरही मागता येतात, चित्रण नाही. म्हणून आल्या आल्या तक्रारीच्या रात्रीचे चित्रण पेन ड्राइव्हवर घेतले आणि घड्याळ बरोबर आहे का तेही पाहिले. डीव्हीआरचे घड्याळ तासभर मागे-पुढे असले तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

मग माणसांचा हिशेब. "प्रत्येक पाळीत दोन मावशी असतात," असे व्यवस्थापक सांगत होते. अशा वेळी वाद घालू नये, गणित मांडावे. दिवसाला तीन पाळ्या, पाळीत दोघी, म्हणजे आठवड्याला 42 पाळ्या. साप्ताहिक सुट्टी धरून एक बाई सहा पाळ्या करते. म्हणजे किमान सात जणी हव्यात. आजारपण, लग्नसराई, जानेवारीतली गड्ड्याची जत्रा धरली तर आठ-नऊ. पगाराच्या बँक नोंदीत नावे होती पाच. पाच जणींच्या पाळ्या होतात 30. उरलेल्या 12 पाळ्या कोण करते, हे लेखी विचारले. मस्टरवर सह्या पूर्ण होत्या, पण मस्टर एका बैठकीत भरता येतो. बँकेचे पासबुक नाही. आणि अशी तूट नेहमी रात्रीवर ढकलली जाते, कारण नातेवाईक दिवसा येतात.

गोळ्यांची मोजणी मला मस्टरपेक्षा जास्त विश्वासाची वाटते. रक्तदाबाच्या 30 गोळ्या 1 तारखेला सुरू केल्या, रोज सकाळी एक, तर 12 तारखेला दुपारी 18 उरायला हव्यात. 23 निघाल्या तर पाच दिवस चुकले, मग रजिस्टरवर गोळी दिल्याच्या कितीही खुणा असोत. मोजताना दोघांनी मोजावे आणि मधे नवे पाकीट आणले का, हे औषधाच्या बिलांवरून पाहावे. झोपून असलेल्या आजी-आजोबांना दर दोन तासांनी कूस बदलायची असते. ती नोंद रात्रभर एकाच हस्ताक्षरात आणि अगदी ठोक्याला असेल, तर कागद बाजूला ठेवून माकडहाड, टाचा आणि कंबरेची हाडे पाहावीत. दाबले तरी न जाणारी लाली हा शय्याव्रणाचा, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेचा, पहिला टप्पा. सावळ्या कातडीवर ती सहज दिसत नाही. ती जागा हाताला ऊन किंवा कडक लागते.

बोलणे हा वेगळा भाग. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरांमधून आलेल्या कित्येक आज्या तेलुगूत मोकळ्या होतात, अक्कलकोटकडच्या कन्नडमध्ये. दुभाषी म्हणून आश्रमातलीच मावशी बसवली की उत्तर एकच: "सगळं छान आहे." दुभाषी बाहेरून आणावा. तक्रार केलेल्या आजीला एकटीला बोलावू नये. तिच्यासोबत आणखी दहा-बारा जणांशी बोलावे, म्हणजे बोट कोणावर रोखले जाणार नाही. "इथे कसं आहे?" हा वाया जाणारा प्रश्न. "काल रात्री लघवीला उठलात तेव्हा कोणाला हाक मारली?" हा कामाचा.

आगीची पाहणी बहुतेक जण आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे म्हणून उरकतात. महाराष्ट्राच्या 2006च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार आगीची यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यायचे असते, ते मागावेच. पण खरा धोका होता जिन्याच्या ग्रिलला रात्री लागणाऱ्या कुलपात. विसरभोळे आजोबा बाहेर पडतात म्हणून कुलूप, आणि किल्ली खालच्या वॉचमनकडे. वर एकच मावशी असेल तर तिने किल्ली आणायची की माणसे हलवायची?

न्हाणीत थर्मामीटर न्यावा. सोलापूरच्या मे महिन्यात गच्चीवरच्या सोलर हीटरचे पाणी 60 अंशांपुढे जाऊ शकते, आणि तेवढ्याने म्हाताऱ्या कातडीला काही सेकंदांत भाजते. अंगावर घ्यायचे पाणी 43-44 अंशांच्या वर नको. थंड पाणी मिसळायचे तर ते टाकीत हवे, आणि इथे नळ काही दिवसांआड येतात. माणशी 135 लिटर धरले तर 30 जणांना रोज 4,050 लिटर लागते. चार दिवसांची साठवण नसेल तर अंघोळी कमी होतात आणि दोष मावश्यांवर जातो.

अहवाल द्यायचा कुठे, यात बरेच जण चुकतात. प्रांताधिकाऱ्यांचे न्यायाधिकरण 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली मुलांकडून निर्वाहभत्ता मिळवून देते. आश्रमाच्या कारभाराची तक्रार समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे, कुलूप-आगीची महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडे. तोंडी सल्ल्याला 14567 ही हेल्पलाइन आहे. प्रत्येक ठिकाणी पोच घ्यावी, आवक क्रमांकासह. पुढे काय झाले ते कळत नसेल तर 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात त्याच क्रमांकावरची कार्यवाही मागावी. उत्तराची मुदत 30 दिवस.