आत्याच्या कापडांची गोधडी

गेल्या हिवाळ्यात आत्या मोठं घर सोडून छोट्या फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि तिच्या कापडांचे अकरा खोके माझ्याकडे आले. मी नोकरीसाठी इकडे आले तेव्हा पहिले तीन महिने तिच्या शिवणाच्या खोलीतच झोपायचे, उशाशी कपाट आणि कपाटात घड्यांच्या थप्प्या, त्यामुळे परदेशातलं माझं पहिलं घर म्हटलं की मला अजून कोऱ्या सुती कापडाचा वास येतो.

आत्या आता शिवत नाही. तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब होतोय, मॅक्युलर डीजनरेशन म्हणतात त्याला, त्यात कडेकडेचं दिसत राहतं पण जिथे नजर रोखावी नेमकं तिथेच धूसर होतं. म्हणजे सुईचं नेढं, टाका, छापील फूल, समोरच्याचा चेहरा, हेच सगळं जातं. खोके देताना ती एवढंच म्हणाली, "अगं ने, तुझ्या तरी उपयोगी पडतील." मी गाडीत बसल्यावर ठरवलं की ह्याची गोधडी करायची आणि तिलाच द्यायची.

खोके उघडले तर प्रत्येक घडीला टाचणीनं चिठ्ठी लावलेली. 'बाहीला पुरेल.' 'ताईचा फ्रॉक, झालरीसकट.' 'पडदे?? आधी मापं घे.' एका निळ्या पॉपलिनवर टाचणी इतकी वर्षं राहिली होती की गंजून तिचा तपकिरी डाग कापडावर उमटला होता, आणि चिठ्ठीवर फक्त 'चांगल्या कामासाठी' असं लिहिलेलं. त्या एका घडीला कात्री लावायला मला आठवडा लागला, खरं सांगते.

त्याच दिवसांत मी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड ह्या वस्तीबद्दल वाचत होते. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या आता मोठमोठ्या म्युझियममध्ये आहेत. त्यातल्या मिझुरी पेटवे ह्यांनी १९४२ मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, त्याची आठवण पांघरता यावी म्हणून. मी त्यावर खूप विचार केला, कारण तिथे कापड अंगावर झिजलेलं होतं आणि आत्याचं तर एकदाही अंगाला न लागलेलं, नुसते बेतच बेत. पण मला वाटतं बेतसुद्धा माणसाचेच असतात, ते घडी करून का ठेवायचे.

मग प्रश्न आला रंगांचा. मी दोन संध्याकाळी जमिनीवर चौकोन मांडून रंगसंगती जुळवत बसले आणि तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की हे सगळं मी माझ्या डोळ्यांसाठी करतेय, आत्याला ह्यातलं धड काही दिसणारच नाहीये! सगळं गोळा केलं, दिवा बंद केला आणि नुसत्या हातानं चाचपून वेगळे ढीग केले. पॉपलिन गार आणि गुळगुळीत, लॉन इतकी मऊ की बोटांतून निसटते, फ्लॅनेल उबदार, खादी खरखरीत, कॉर्डरॉयच्या धारा तर लगेच कळतात. मांडणी मग तशीच केली, गुळगुळीताशेजारी खरखरीत, म्हणजे हात फिरवला की दर चौकोनाला काहीतरी बदलेल.

शिवणाऱ्यांसाठी थोडं मापाचं सांगते. चौकोन ५ इंचाचे कापले, चारी बाजूंनी पाव इंच शिलाईत जातं म्हणून शिवल्यावर ४.५ इंच उरतात, तसे आडवे १२ आणि उभे १५, एकूण १८० चौकोन, गोधडी झाली ५४ बाय ६७.५ इंच. कापड आधी धुवून घ्या हे मी हात जोडून सांगेन, सुती कापड आटतं आणि गडद रंग जातो, एका लाल कापडानं पाच पाण्यांनंतरही रंग सोडला तेव्हा ते बाजूलाच ठेवलं. आणि जाड-पातळ कापडं एकत्र जोडणं सोपं नाही, कॉर्डरॉय मशीनखाली सरकतं, लॉन ताणली जाते, म्हणून लॉनला मागून इस्त्रीनं चिकटणारं पातळ अस्तर लावलं.

कॉर्डरॉयला लव असते, एका दिशेनं हात फिरवला की मऊ लागतं आणि उलट फिरवला की अडतं. मी घाईत नऊ चौकोन उलटे जोडले आणि शिवून झाल्यावर हाताला कळलं. रात्री बसून सगळे उसवले. पण त्यातूनच सुचलं की सगळ्या कॉर्डरॉयची लव वरून खाली ठेवायची, म्हणजे हात फिरवल्यावर आत्याला न बघता कळेल की डोक्याकडची बाजू कुठली आणि पायाकडची कुठली. ह्या पूर्ण कामात मला सगळ्यात जास्त आनंद ह्याचा झाला.

वरचा थर, मधे कापसाचा थर आणि खाली अस्तर असं मधल्या भागापासून कडेपर्यंत कच्चं टाचून घेतलं आणि मग जाड सुती दोऱ्यानं हातानंच धावदोरा घातला, ओळी बोटाला लागाव्यात म्हणून. ऑफिसवरून आल्यावर रोज तासभर, जवळजवळ तीन महिने. मागच्या बाजूला एक खिसा शिवला आणि सगळ्या चिठ्ठ्या पाकिटात घालून त्यात ठेवल्या.

रविवारी नेऊन दिली. आत्यानं मांडीवर घेतली, काही बोलली नाही, नुसता हात फिरवत राहिली. मग एका चौकोनावर थांबली. "ही ताईच्या फ्रॉकची लॉन." पुढे सरकली. "हे पडद्यांचं." मी श्वास रोखून बघत होते, ती एकेक ओळखत चालली होती, दोनच चुकली. निळ्या पॉपलिनवर आली तेव्हा नखानं चाचपलं, दोन बारीक भोकं होती तिथे टाचणीची, गंजाच्या डागासकट तो तुकडा मी मुद्दाम मधोमध घेतला होता.

"हे कापलंस?" तिनं विचारलं.

"हो आत्या."

"बरं केलंस." आणि मग गोधडी पायावर ओढून घेत, लव तपासून नीट फिरवून, म्हणाली, "उरलेलं टाकलं नाहीस ना? ताईलाही एक करायला घेऊ, मी हातानं सांगेन कुठलं कुठे ते."

पुढच्या शनिवारी तीन खोके परत घेऊन जातेय.